कर्कवृत्ताच्या काठचा बटाटा

जबलपूरहून कटनीकडे जाणारी गाडी सिहोरा यायच्या जरासं आधी कर्कवृत्त ओलांडते. कुणी खिडकीतून डोकावत नाही, चहावाल्याची हाळी तुटत नाही. भूगोलाच्या पुस्तकानुसार मात्र रेषेखालचं जबलपूर उष्ण कटिबंधातलं आणि वरचं सिहोरा, चार-पाच किलोमीटरांच्या पुण्याईवर, समशीतोष्ण. थेट फ्रान्स-जर्मनीच्या पंगतीतलं. मे महिन्यात सिहोऱ्याच्या बाजारातून डोक्याला पंचा गुंडाळून फिरताना हा मान अंमळ जड जातो. त्यातून पृथ्वीच्या आसाचा कल किंचित कमी होत असल्यामुळे ही रेषा वर्षाला साधारण 15 मीटर दक्षिणेला सरकते आहे. म्हणजे आमचं गाव दर साली एका परसाएवढं अधिक समशीतोष्ण होतं. उन्हाला तेवढं अजून कुणी कळवलेलं नाही.

बटाट्याला या कटिबंधांशी कर्तव्य नाही. तो मूळचा अँडीजच्या डोंगरातला, पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागलेला. दिवसाचं ऊन त्याला हवंच असतं. त्याची अट रात्रीची. रात्री 15 ते 20 अंशांचा गारवा मिळाला, तर पानांनी दिवसभर कमावलेलं खाली मातीत उतरतं आणि कंद धरतो. रात्र उकाड्याची निघाली, की झाड ती सगळी कमाई श्वासात आणि पाल्यात उधळून टाकतं. वर हिरवीगार मिजास, खाली उकरावं तर गोट्या. आमच्या गोतावळ्यात अशी एक-दोन घरं आहेत. नावं घेत नाही.

नागपूरहून लग्न होऊन सिहोऱ्यात आलेल्या माझ्या आजीला अंश-बिंश माहीत नव्हते. दिवाळी उलटून पहाटे पायाशी गोधडी ओढावीशी वाटली, की ती म्हणायची, “आता लावा.” मग शेजारचे कक्काजी डोळे फुटलेलं बियाणं घेऊन यायचे, आणि रोपं वीतभर झाली की कुंपणावरून बजावायचे, “बाई, मिट्टी चढ़ा दो, नहीं तो आलू धूप देख लेगा.” ऊन पाहिलेला बटाटा हिरवा पडतो, कडवट होतो, खाऊ नये असा होतो. सरीतून डोकं काढलेल्या बटाट्यावर आजी माती ओढायची ती झोपेत पांघरूण लाथाडणाऱ्या नातवावर ओढावी तशी, पुटपुटत आणि दोनदा. फेब्रुवारीत काढणीआधी पाला कापून ती आठ-दहा दिवस थांबायची, साल पक्की व्हावी म्हणून. तेवढ्या दिवसांत माझ्या जिभेवर मटार-बटाट्याचा रस्सा कितीदा तरी शिजून जायचा, कारण मटार तर जबलपूरकडचा, त्याला तोड नाही.

शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 1972 साली पठारी मुलखासाठी ‘कुफरी लवकर’ काढला आणि 2006 साली उबदार रात्रींतही कंद धरणारा ‘कुफरी सूर्या’. ही बातमी मी मोठ्या कौतुकाने आजीला वाचून दाखवली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

“उकाड्यातही धरतो म्हणतोस? मग लावायचा कधी, हे मला कळायचं कसं रे?”