तिसरा कपॅसिटर

अरगॉनचा प्लाझ्मा गुलाबी असतो, तोवर कोणी विचारत नाही. काचेची नळी, आत हवेच्या दाबाच्या लाखाव्या हिश्शाइतका वायू, बाहेर तांब्याचा अँटेना आणि त्यात १३.५६ मेगाहर्ट्‌झची आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींची, पॉवर. एवढ्यावर गुलाबी कोणालाही मिळतो. खरी पत आहे ती निळ्याला. चुंबकीय क्षेत्रात हेलिकॉन नावाची लहर नीट बसली की घनता एकदम उडी मारते आणि नळीच्या मधोमध झगझगीत निळा दांडा उभा राहतो. एका घनसेंटिमीटरमध्ये दहा लाख कोटींपर्यंत इलेक्ट्रॉन! (हवेतल्या रेणूंपुढे ही गर्दीही लाखो पटींनी विरळच, पण ते पाहुण्यांना सांगायचं नसतं.) ऑस्ट्रेलियात रॉड बॉसवेल यांनी १९७० साली हेलिकॉन लहरीने प्लाझ्मा करून दाखवला आणि माझ्यासारख्यांची पीएच.डी.ची सोय झाली.

सगळी मेख मॅचिंग बॉक्समध्ये. त्यातले दोन कपॅसिटर फिरवून अँटेनाची जनरेटरशी सोयरीक जमवायची. नाही जमली, तर पाठवलेली पॉवर साभार परत. आमच्या लॅबमध्ये या कामात माझा हात बसलाय अशी ख्याती होती. ती मीच पसरवली होती.

लॅब पाहायला समिती येणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी झाकण काढून मी कपॅसिटर असे काही लावले, की परावर्तित पॉवरचा काटा शून्यावर. बोटावर आरएफच्या चटक्याचा पांढरा ठिपका उमटला, तोही मी कौतुकाने मिरवला.

दुसऱ्या दिवशी निळा दांडा पाहून समिती खूश. माहिती द्यायला मी दोन पावलं पुढे झालो आणि मागे कोणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. वळून पाहतो तर गुलाबी! धावत बॉक्सपाशी गेलो, तर पुन्हा निळा.

“याला हिस्टेरिसिस म्हणतात. प्लाझ्मा आधी कुठल्या अवस्थेत होता, त्यावर पुढचं ठरतं,” मी ठोकून दिलं. हेलिकॉनमध्ये तो असतोही, त्यामुळे माना डोलल्या.

समितीतले एक वयस्कर प्राध्यापक मात्र चष्मा पुसत म्हणाले, “जरा पुढे या बघू. आता मागे. परत पुढे.” त्यांनी माझी यथेच्छ परेड घेतली. पुढे गुलाबी, मागे निळा. मग त्यांनी बॉक्सकडे बोट दाखवलं. “याच्या झाकणाचे स्क्रू कुठायत?”

मी खिशात हात घातला. खुळखुळले.

माणसाचं शरीर म्हणजे बव्हंशी खारं पाणी, विजेला बऱ्यापैकी सोयीचं. उघड्या बॉक्सशेजारी ते उभं राहिलं की सर्किटमध्ये आपणहून सामील होतं. मी सगळं जुळवलं होतं ते स्वतःला धरून. झाकण लावल्यावर काटा असा काही चढला, की जनरेटरने मान टाकली.

समिती चहाला गेली. आमचे सर मागे थांबले आणि शांतपणे म्हणाले, “पेपरमध्ये तुझं नाव लेखकांत घालू, की उपकरणांच्या यादीत?”