मधपेटीचं झाकण

मधपेटीला वरून झाकण असतं आणि ते उघडता येतं, हे सगळ्या भानगडींचं मूळ आहे. पूर्वी असं नव्हतं. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या कोनाड्यात, कुठे एखाद्या मडक्यात माश्या पोळी बांधायच्या. मध हवा असेल तर पोळं कापायचं, नको असेल तर लांब राहायचं. १८५१ मध्ये अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या ध्यानात आलं, की दोन पोळ्यांमध्ये आणि पोळं व भिंत यांच्यामध्ये जेमतेम सेंटिमीटरभर फट ठेवली तर माश्या ती मेणानं किंवा राळेनं बुजवत नाहीत, जाण्यायेण्यासाठी मोकळी सोडतात. झालं! चौकटी सुट्या झाल्या, एकेक उचलून न्याहाळता येऊ लागली. मधमाशीपालनाचं शास्त्र तिथून पुढे गेलं, आणि माणसाला येताजाता आत डोकवायची खोडही तिथूनच लागली.

आमचे नाना बँकेतून निवृत्त झाले आणि वाईजवळच्या घरी सातेरी माश्यांच्या पेट्या घेऊन बसले. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथं रीतसर शिकून आले. शिकवणारे चांगले होते, शिकणाराही हुशार होता, पण सगळी उमर हिशेब तपासण्यात गेलेल्या माणसाच्या हाती उघडणारं झाकण आलं होतं. नाना रोज सकाळी वही घेऊन पेटीपाशी. राणी दिसली का, अंडी किती, पिलाव्याचा पसारा केवढा, मध कुठवर आलाय, सगळ्याची नोंद. स्मोकर धरायला मी.

माश्या पिलावा पस्तीस अंशांच्या आसपास उबदार ठेवतात, त्यासाठी अंगाचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात. महाबळेश्वरच्या बाजूनं येणाऱ्या गार वाऱ्यात झाकण काढलं की ती मेहनत वाया जाते. जावळीकडचे एक म्हातारे मधपाळ नानांकडे येत. ते एकदा म्हणाले, “तुमी येकदा उघडता, पन त्यास्नी घडी बसवाया दोन-तीन दिस लागत्यात. भाडेकरूच्या सैपाकघरात मालकानं रोज जाऊन डबे उघडून बघावं का?” नानांनी तेही वहीत लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं.

केळ्याचं प्रकरण त्याच आठवड्यातलं. नानांची एकादशी होती. दोन केळी खाऊन, जाळीची टोपी चढवून, पँटचे पाय मोज्यांत खोचून ते निघाले. माशी डंख मारते तेव्हा त्याबरोबर एक वास सुटतो, बाकीच्यांना ‘इथे मारा’ सांगणारा. त्यातला मुख्य पदार्थ आयसोअमाईल अॅसिटेट, आणि पिकलेल्या केळ्याच्या वासातही तोच असतो. म्हणजे नाना तोंडानं धोक्याचा भोंगा वाजवत पेटीवर ओणवे झाले होते. पुढची पाच मिनिटं मी लिहीत नाही. एवढंच सांगते, की जाळीच्या आत शिरलेली एक माशी बाहेरच्या शंभरांना भारी असते, आणि त्या वेळी जाळी काढून फेकावी असं वाटतं, जे अजिबात करायचं नसतं.

काकू आतून लोखंडाची किल्ली घेऊन आली आणि डंखावर घासू लागली. शेजारच्या आजी चुना म्हणाल्या, कुणी हळद म्हणालं. खरं काम वेगळंच होतं. माशी गेली तरी काट्याशी लागलेली विषाची पिशवी काही वेळ विष सोडत राहते, म्हणून काटा झटकन काढायचा. नखानं की चिमटीनं यावर वाद घालण्यात जातो तेवढ्या वेळात विष आत गेलेलं असतं. (ज्याला डंखानं दम लागतो, अंगभर गांधी उठतात किंवा घेरी येते, त्यानं किल्ली-चुन्याच्या भानगडीत न पडता थेट दवाखाना गाठावा. हे गमतीतलं नाही.)

काकूचं माश्यांशी भांडण मात्र डंखावरून नव्हतं, धुण्यावरून होतं. माश्या पेटीत घाण करत नाहीत, बाहेर उडून मोकळ्या होतात, आणि पेट्यांसमोरच दोरीवर नानांचे पांढरे लेंगे वाळत असत. त्यांवर पिवळे ठिपके. “एक तर त्या राहतील नाहीतर मी धुणं धुईन,” असं काकूनं सांगितल्यावर नानांनी सकाळी उन्हं वर आल्यावर पेट्या उचलून परसात नेल्या. मधपाळांमध्ये जगभर चालणारा नियम असा, की पेटी हलवायची तर तीन फुटांच्या आत, नाहीतर तीन मैलांच्या पलीकडे. माशी घराचा पत्ता मुख्यतः जागेवरून ओळखते, नुसत्या पेटीच्या रंगरूपावरून नाही. फुलांवर गेलेल्या माश्या दिवसभर परत येत राहिल्या आणि अंगणातल्या रिकाम्या जागी घिरट्या घालत राहिल्या. संध्याकाळी त्यांचा पुंजका बसला तो नेमका धुण्याच्या दोरीवर. शेवटी पेट्या जागेवर आल्या आणि दोरी गच्चीवर गेली. पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, पण घरात उपाय नेहमी अवघडाकडून सोप्याकडे जातात.

फाल्गुनात वसाहती भरभरून वाढल्या. पोळ्याच्या खालच्या काठाला राणीच्या कोठ्या लोंबू लागल्या, म्हणजे जुनी राणी अर्धा परिवार घेऊन बाहेर पडणार. नानांनी कोठ्या मोजून कापल्या. एक राहिली. आणि वसाहत उठली ती समोरच्या कार्यालयात लग्न होतं त्या दिवशी. थवा जाऊन बसला नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीच्या आरशावर. माश्या फुलांसाठी आल्या नव्हत्या. नवी जागा हेरायला गेलेल्या माश्या परत येईपर्यंत बाकीच्या कुठेतरी टेकतात, तेवढंच. ड्रायव्हर किल्ली तशीच ठेवून पळाला. व्हिडिओवाल्यानं मात्र पहिल्यांदाच मन लावून शूटिंग केलं.

नाना आहेराच्या मिक्सरचं रिकामं खोकं घेऊन आले. जाळी नाही, मोजे नाहीत, अंगात इस्त्रीचा झब्बा. बघणाऱ्यांचा श्वास अडकला. पण उठलेल्या थव्याइतक्या गरीब माश्या दुसऱ्या नसतात. निघताना त्या पोटभर मध पिऊन निघालेल्या असतात आणि राखायला घर नसतं. नानांनी आरसा हलकेच खोक्यात झटकला. राणी आत गेली असावी, कारण थोड्या माश्या खोक्याच्या तोंडाशी शेपट्या वर करून पंख हलवू लागल्या आणि उरलेल्या रांगेनं आत चालत गेल्या. एवढी शिस्त त्या दिवशी पंगतीतही नव्हती. वरात खोळंबली, मुलीच्या मामांनी दोन शब्द ऐकवले, पण गावात नानांचं नाव झालं.

मग पाऊस आला. आमच्या डोंगरात आषाढ-श्रावणात माशीला बाहेर फिरकता येत नाही, म्हणून साखरेचा पाक ठेवावा लागतो. तो अंधार पडल्यावर आणि एक थेंबही न सांडता ठेवायचा. नानांच्या हातून सांडला आणि भर दिवसा सांडला. धडधाकट पेट्यांतल्या माश्यांनी एका अशक्त पेटीवर लूट घातली. उरल्यासुरल्यांनी आठ दिवसांत मुक्काम हलवला. सातेरी माशी तक्रार करत नाही, निघून जाते. मागे राहिली काळी पोळी आणि त्यांत मेणकिड्याची जाळी. त्यानंतर नाना झाकणाला क्वचित हात लावतात. वही अजून आहे, पण नोंदी आता बाहेरून घेतात. माश्यांच्या पायांवर परागाचे गोळे दिसले म्हणजे बहुधा आत राणी अंडी घालते आहे, हे बाहेरच्या स्टुलावर बसूनही कळतं. पेट्या तेव्हापासून सुधारल्या, हे मी काकूसमोर बोलत नाही.

पण सर्वांत खोल डंख माशीचा नव्हता. पावसाळ्यात नाना दुकानातून पोत्यानं साखर नेतात हे गावानं पाहिलं होतं, आणि उन्हाळ्यात मध विकतात हेही. गावानं बेरीज केली. पाक पावसापुरता असतो, माश्या तो खाऊन टाकतात, जांभूळ आणि हिरडा फुलायच्या आधीच तो बंद होतो आणि मधकोठी त्यानंतर चढते, हे नाना वही दाखवून सांगत बसले. कोण ऐकतंय? त्यातून थंडी पडली, मध थिजला, आणि बरण्या परत येऊ लागल्या. ‘खाली साखर बसलीय’ म्हणून.

ती साखर त्यांनी घातलेली नाही. मधात द्राक्षशर्करा असते, थंडीत तिचे दाणे होतात. काही फुलांच्या मधात लवकर होतात, काहींच्यात उशिरा. मध थिजण्यावरून भेसळ ठरत नाही आणि पातळ राहण्यावरून शुद्धताही नाही. तेव्हा तुमच्याकडचा मध थिजला तर बरणी घेऊन कुणा मधपाळाच्या दारात भांडायला जाऊ नका. कोमट पाण्यात ठेवा, पातळ होतो. नाहीतर तसाच चमच्यानं खा. भाकरीवर तो उलट ओघळत नाही.