भावी चेहऱ्यांचा सपाट उजेड

साताऱ्याहून सांगलीकडे जाताना चौकाचौकांतले वाढदिवसाचे फ्लेक्स पाहिले, की जिल्हे दोन असले तरी चेहरा एकच आहे, अशी खात्री पटते. सगळे भावी आमदार सारखेच गोरे, सारखेच सपाट. दोष नेत्यांचा नाही (निदान या बाबतीत तरी). कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेल्या फ्लॅशचा आहे. थेट समोरून आलेला उजेड नाका-गालाची सावली पुसतो, आणि सावली गेली की उठावही गेला. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या औंधच्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत. चेहरा सावलीने घडतो, हे तिथे शिकता येते. "गिऱ्हाइकाला गोरंच दिसायचं असतं," हे फोटोग्राफरचे म्हणणे खोटे नाही. पण फ्लॅश बाजूला 45 अंशांवर, पांढऱ्या छत्रीतून टाकला, तर सुरकुत्या मऊ होतात आणि नाकही जागेवर राहते. छत्रीला जागा नसेल, तर पांढऱ्या भिंतीवरून उजेड परतवावा. मांडवाच्या रंगीत कापडावरून मात्र नको, नाहीतर नेता निवडणुकीआधीच रंग बदलेल. तेव्हा कार्यकर्त्यांनो, पुढच्या वाढदिवसाला फ्लेक्सचा आकार वाढवण्याआधी फ्लॅश तेवढा कॅमेऱ्यावरून खाली उतरवा.