अविभाज्य नाना

नानांनी षष्ट्यब्दी करू दिली नाही. "साठाला बारा विभाजक. येणारा-जाणारा भाग देऊन जातो, त्याचं कसलं कौतुक?" मग वर्षभर थांबून एकसष्टी केली, तीही 61 पुरी झाल्यावर. पंचाहत्तरीलाही त्यांचा आतापासून विरोध आहे. 73 ला करा नाहीतर 79 ला, मधलं काही चालणार नाही.

मूळ संख्या आपण सगळेच शाळेत शिकतो आणि परीक्षा झाली की सोडून देतो. काहींना मात्र ती बाधते. असा माणूस रिक्षात बसला की भाडं ठरवायच्या आधी पुढच्या गाडीचा नंबर फोडतो. हार्डी-रामानुजनच्या टॅक्सीचा 1729 सांगून त्याला खूश करायला जाल, तर "तेरा साते एक्क्याण्णव, गुणिले एकोणीस" म्हणून तो टॅक्सी निकालात काढेल. 91 चं तर नाना तोंडही बघत नाहीत. दिसायला मूळ, आतून लबाड.

त्यांच्या हॉलमध्ये एक कॉम्प्युटर रात्रंदिवस घरघरत असतो. वर चिठ्ठी: 'बंद करू नये.' दोनाचा घात घ्यायचा, त्यातून एक वजा करायचा. उरलेली संख्या मूळ निघाली तर ती मर्सेन मूळ संख्या. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. 1996 पासून जगभरचे हौशी लोक आपापली यंत्रं या शोधाला जुंपून बसलेत, नाना त्यांतलेच. यंत्र कित्येक दिवस तापतं आणि शेवटी निकाल देतं: संयुक्त. "चला, एक तरी कमी झाली," म्हणत नाना पुढची लावतात. काकू पावसाळ्यात त्याच्या पाठीमागे मोजे वाळवतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की संख्या सापडेल तेव्हा सापडेल, बिल दर महिन्याला सापडतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये ल्यूक ड्युरंट या अमेरिकन माणसाला सापडली. दोनाचा 13,62,79,841 वा घात वजा एक. अंक 4,10,24,320. सेकंदाला एक वाचला तरी पावणेपाचशे दिवस लागतील, झोप न घेता. नानांना वाईट वाटलं असेल म्हणून भेटायला गेलो, तर पेढे! "शेवटचा अंक एक आहे बरं का," ते हळूच म्हणाले, नातवाचं नाक कुणावर गेलंय ते सांगावं तसं.

भाच्याने उपयोग विचारला. बँकेच्या संदेशांना कुलूप घालायला मूळ संख्या लागतात, पण त्या तीनेकशे अंकी. चार कोटींचं तिथे काही काम नाही. "नाहीच उपयोग," नाना अभिमानाने म्हणाले.

नानांकडे कधी गेलात तर चहा घ्या, पेढा मिळाला तर तोही घ्या. फक्त मोबाईल चार्ज करायला हॉलमधला तो प्लग काढू नका.