ग्लॅमरबाईंचं माहेर कळलं का?

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. पण एखाद्या बाईंचं नाव उठताबसता कानावर आदळायला लागलं, तर चौकशी नको का करायला? माहीममध्ये एल. जे. रोडने नुसतं शीतलादेवीपर्यंत जा: ब्लाउजला ग्लॅमर, नखांना ग्लॅमर, हळदीला ‘ग्लॅम लूक’. आता तर डोहाळजेवणालाही! ‘‘सातव्या महिन्यात कसलं गं ग्लॅमर?’’ असं आजेसासूबाईंनी विचारलं, तर नातसून म्हणते, ‘‘आजी, फोटोत दिसतं!’’

तर कान इकडे करा. या बाई सिनेमावाल्यांच्या नव्हेत, चक्क व्याकरणाच्या घरच्या! होय, तेच ते ग्रॅमर, ज्याच्यापायी आपण छड्या खाल्ल्या. ग्रीकांचं ‘ग्रामा’ म्हणजे अक्षर. त्यावरून निघालेली अक्षरविद्या लॅटिन, फ्रेंच करत इंग्लंडात पोचली. त्या काळी लिहिता-वाचता येणारा विरळाच. हा पोथीत डोकं घालून पुटपुटतो, म्हणजे चेटूकही जाणत असणार, असा लोकांना दाट संशय. स्कॉटलंडात ‘र’चा ‘ल’ झाला आणि ग्रॅमरचं ग्लॅमर, अर्थ, नजरबंदी! नाही ते दिसायला लावणारी. 1805 साली वॉल्टर स्कॉटने आपल्या काव्यातून तिला चारचौघांत आणलं, आणि विसाव्या शतकात हॉलीवूडने लिपस्टिक लावली. तिची फ्रेंच बहीण ‘ग्रिम्वार’ तर उघड उघड जादूटोण्याची पोथी. घराणं बघा!

अक्षर जाणणाऱ्याकडे काही अलौकिक असणार, असं वाटायला स्कॉटलंडलाच जायला नको म्हणा. आपल्या माहीमचे मखदूम अली माहिमी (मृत्यू 1431) कुराणाचे मोठे भाष्यकार. पण दर्ग्याकडे पावलं वळतात ती भाष्यासाठी थोडीच? मन्नतीसाठी. त्या मानाने दादोबा पांडुरंग तर्खडकर कमनशिबी. 1836 साली मराठीचं व्याकरण छापूनही त्यांच्याकडे ना कोणी मन्नत मागितली, ना मेकअप.

म्हणजे व्याकरणात गटांगळ्या खाल्लेली अख्खी पिढी आता त्याच घरच्या नातीपायी हजारो रुपये मोजतेय. आणि व्याकरण-आजीने तिथेही सूड उगवलाच! ‘ग्लॅमर’मधला ‘ओ’नंतरचा ‘यू’ ‘ग्लॅमरस’ लिहिताना गाळायचा असतो. कुठल्याही पार्लरचा बोर्ड नीट वाचा. बऱ्याचदा तो तिथे ठाण मांडून बसलेला. फेशियल झकास, स्पेलिंग नापास!