पाद्रीसाहेबांची उमेदवारी

ऑक्सफर्ड किंवा एडिंबरो येथील पदवी, जेमतेम पंचविशीचे वय, उन्हाने सोलून निघालेले नाक आणि अवघ्या महाराष्ट्राचा उद्धार आपल्याच सायकलीची वाट पाहत खोळंबला आहे अशी प्रामाणिक समजूत, एवढे भांडवल घेऊन पहिल्या महायुद्धानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत जो तरुण पाद्री पुणे स्टेशनावर उतरत असे, त्याच्या ध्यानी ही गोष्ट फार उशिरा येई की या शहरात आपण उपदेशक म्हणून नव्हे, तर उमेदवार म्हणून दाखल झालो आहोत. मराठीची परीक्षा उतरल्यावाचून मिशन त्याच्या हाती स्वतंत्र कारभार देत नसे. आणि परीक्षा कागदोपत्री मिशनची असली, तरी तिची खरी मुखत्यारी सदाशिव पेठेतून रोज सकाळी पायी येणाऱ्या एका शास्त्रीबुवांकडे असे.

गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये 1885 साली उभ्या राहिलेल्या पवित्र नाम देवालयाच्या उंच मनोऱ्यातली घंटा झाली की साहेबांची प्रार्थना होई, मग लापशी, आणि लापशीच्या मागोमाग शास्त्रीबुवा. मेजावर मोल्सवर्थचा कोश, 1857 सालची वाढीव आवृत्ती, उघडा पडलेला असे. शास्त्रीबुवा मेजापासून चार हात दूर, स्वतःसाठी राखून ठेवलेल्या घडवंचीवर बसून ‘ळ’चा उच्चार करवून घेत, आणि साहेबांची जीभ टाळूला लागेपर्यंत डोळे मिटून स्वस्थ राहत. शिकवणी संपल्यावर घरी जाऊन त्यांना सचैल स्नान करावे लागे. महिन्याच्या पगाराचे रुपये मात्र साहेबांनी वरून ओंजळीत सोडले म्हणजे भागत असे, कारण धातूला विटाळ नाही असा निर्वाळा त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेला होता.

पहिल्याच आठवड्यात साहेब आतिथ्यबुद्धीने चहाचा पेला पुढे करीत, आणि मग त्यांना पुण्याच्या इतिहासातले एक प्रकरण इत्थंभूत ऐकावे लागे. 1890 साली याच पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा प्याले, कोणी पेला नुसता हाती धरला. पण गोपाळराव जोश्यांनी त्यांची नावे ‘पुणे वैभवा’त छापविली, फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, आणि रानडे-टिळकांसारख्या पुरुषांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. पुण्यातील यच्चयावत् प्रवचनांनी मिळून जी खळबळ माजली नाही ती एका किटलीने माजविली, हे ऐकून तरुण पाद्री अंतर्मुख होई. मिशनने आपला सगळा खर्च चहावर केला असता तर काय झाले असते, असा विचार त्याच्या मनात येत नसेल असे आम्हांस वाटत नाही.

तिसरे प्रहरी तो रे मार्केटात, म्हणजे ज्याला पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळाले त्या मंडईत, पुस्तिका वाटावयास जाई. येथे शास्त्रीबुवांच्या अध्यापनाचे फळ दृष्टीस पडे. एका मेथीवालीपुढे सोला हॅट काढून, किंचित लवून, तो अत्यंत शुद्ध मराठीत म्हणे, “भगिनी, आपल्या अंतःकरणात पश्चात्तापाचा उदय झाला आहे काय?” बाई वर पाहून म्हणे, “उदय-बिदय काय न्हाई, सायबा, मेथी हाय. घ्यायची तर घे, न्हाई तर उजेड सोड. गिऱ्हाइकाला माल दिसंना.” साहेब दोन जुड्या घेत. मिशनच्या बंगल्यावर त्या काळी मेथी फार शिजत असे.

याहून कठीण प्रसंग वाड्यांतून येई. मूर्तिपूजेचे खंडन तोंडपाठ करून आलेल्या त्या बिचाऱ्याला ओटीवर जे पेन्शनर गृहस्थ भेटत, त्यांनी मिल्ल आणि स्पेन्सर कोळून प्यालेले असत. ते मूर्तीचे समर्थन तर करीत नसतच, उलट सृष्टी सहा दिवसांत झाली त्या वेळी भूस्तरशास्त्र कोठे होते, असे त्यालाच विचारीत. दोन तास वाद घालून, त्याला जिन्यापर्यंत पोचवून, निरोप देताना ते म्हणत, “पुन्हा अवश्य या. आपले इंग्रजी ऐकावयास बरे वाटते.”

रात्री विलायतेची टपाल. ज्यांच्या वर्गणीवर आपली नेमणूक चालते त्या मायदेशातील धर्मशील मंडळींना पंधरवड्याची हकीकत कळविणे भाग, आणि कळवावयाचे काय, तर बाप्तिस्मे शून्य, श्रोते पुष्कळ. मग साहेब पावसाचे वर्णन लिहीत. ख्रिस्ती कवी टिळकांची मराठी भजने देवालयात लोक टाळ-मृदंगावर गातात आणि आपल्या ऑर्गनच्या वेळी खोकतात, हेही प्रामाणिकपणे लिहून मग खोडीत.

काहींची उमेदवारी हाताबाहेरही गेली. 1927 साली ऑक्सफर्डहून व्हेरियर एल्विन पुण्यास आले ते जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात. खादी, जमिनीवर बैठक, हाताने जेवण हे सारे त्यांनी इतके मनावर घेतले की साबरमतीस जाऊन गांधींचे स्नेही झाले; 1932 साली शामराव हिवाळ्यांना बरोबर घेऊन गोंडांत राहावयास गेले, धर्मप्रसार सोडला, आणि 1954 साली या देशाचे नागरिक झाले. वरिष्ठांनी त्यांच्या नावापुढे कोणता शेरा मारला असेल याची कल्पनाच केलेली बरी.

आमचा सामान्य पाद्री मात्र महाबळेश्वरी उन्हाळा काढून, यथाकाल परीक्षेस बसून, उत्तम रीतीने उत्तीर्ण होई. निकालाच्या दिवशी तो उत्साहाने शास्त्रीबुवांना विचारी की आता तरी माझे मराठी कसे काय आहे. शास्त्रीबुवा उपरणे सावरून सांगत, “साहेब, निर्दोष आहे. पुण्यात असे मराठी बोलणारे आता आपण दोघेच. आणि मी पुढल्या महिन्यात काशीस जाणार.”