कट्टर समर्थक व्हा, घरबसल्या!

ही मार्गदर्शिका नवउमेदवारांसाठी आहे. ज्यांच्या घरात फुटबॉलची निष्ठा आजोबांपासून चालत आली आहे त्यांनी ती वाचू नये. त्यांचे जे व्हायचे ते होऊन गेले आहे. पण सोमवारी सकाळी कचेरीत तोंड पाडून 'काल हरलो रे' असे म्हणण्याची ज्यांना मनापासून इच्छा आहे, आणि हरायचे नेमके कोणाच्या वतीने एवढेच काय ते ठरायचे बाकी आहे, त्यांनी पुढील सूचना बारकाईने वाचाव्यात. शारीरिक पात्रतेची अट नाही. फुटबॉल खेळता येण्याची तर मुळीच नाही.

संघाची निवड

पूर्वी ही पायरीच नव्हती. कोल्हापुरात पोर ज्या पेठेत जन्माला आले तिथल्या तालमीचा संघ त्याचा. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल. यातल्या अनेक नावांपुढे 'तालीम मंडळ' आहे, कारण जिथे मल्ल घुमायचे त्याच आवारातून पुढे फुटबॉलचे संघ निघाले. संघ बदलायचा तर पेठ बदलावी लागे, आणि पेठ बदलून उपनगरात बंगला बांधलेला माणूससुद्धा सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमवर जुन्याच पेठेच्या घोळक्यात सापडे. अर्ज नाही, वर्गणी नाही, राजीनाम्याची सोय नाही.

कोलकात्यात प्रश्न पेठेचा नव्हता, नदीचा होता. घराणे पद्मेच्या पलीकडचे असेल तर ईस्ट बंगाल, अलीकडचे असेल तर मोहन बागान. मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. पुढे फाळणी झाली आणि पूर्व बंगालमधून लाखो माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी आली. त्यांना या शहरात घर नव्हते, नोकरी नव्हती. संघ मात्र तयार होता. हारजितीचा निकाल स्वयंपाकघरात लागे: ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा, मोहन बागान जिंकला की कोळंबी. (कोळंबी लक्षात ठेवावी. पुढे लागणार आहे.)

आधुनिक उमेदवाराला असल्या सक्तीतून मुक्ती मिळाली आहे. त्याने इंग्लंड किंवा स्पेनमधला, सध्या जिंकत असलेला कोणताही संघ घ्यावा. मात्र विजेतेपद मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी घेऊ नये, लोक बोलतात. मँचेस्टर सिटी घेणार असाल तर अबू धाबीचा पैसा क्लबमध्ये २००८ साली आला हे आधी पाठ करावे आणि 'आपण त्याच्या आधीपासूनचे' असे सांगावे. कोणी फारच खोदून विचारले तर हा संघ १९९८-९९ च्या हंगामात तिसऱ्या श्रेणीत खेळत होता, हे सांगून डोळ्यांत पाणी आणावे. त्या वर्षी आपण मोठ्या शिशूत होतो ही बाब आड येत नाही.

'मग आपल्या गावचाच संघ का घेऊ नये?' असे काही भाबडे उमेदवार विचारतात. घ्यावा की. पण पुण्याची केस अभ्यासावी. २०१४ साली इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटी अवतरला. बालेवाडीत मैदान, भगवे कपडे, मालकांत सिनेनट. पोरांनी स्वतःला 'ऑरेंज आर्मी' म्हणवून घेतले, घसे बसेपर्यंत ओरडली, पावसात भिजली. २०१९ साली मालकांचा पैसा आटला, संघ बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादने २०२२ मध्ये स्पर्धाही जिंकून दाखवली. म्हणजे निष्ठा पुण्यात आणि चषक हैदराबादेत, अशी व्यवस्था झाली. त्याआधी याच शहरात पुणे एफसी होता, डीएसके शिवाजियन्स होता, तेही गेले. मुंबईत २००६ साली राष्ट्रीय विजेता ठरलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये मालकांनी गुंडाळला. जुना समर्थक संघासाठी जीव द्यायला तयार असे. आपल्याकडच्या नव्या समर्थकाने आधी संघाचाच जीव किती उरला आहे ते पाहावे, ताळेबंद मागवावा आणि मगच टी-शर्ट घ्यावा.

मैदानावर जाणे (ऐच्छिक)

खऱ्या समर्थकाला मैदानावर जावेच लागते हा समज जुना आहे. जुन्या काळी लोक जात, आत जागा मिळाली नाही तरी जात. २९ जुलै १९११ ला कोलकात्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. आपल्या अकरापैकी दहा जण अनवाणी. गर्दी इतकी की मागच्यांना मैदान दिसेना. तेव्हा गोल कोणाचे किती झाले हे पतंग उडवून कळवले गेले. लोक आकाशाकडे बघून सामना बघत होते, आणि तरी घरी जायला तयार नव्हते. आजच्या उमेदवाराला चार सेकंद उशिरा गोल दिसला तर तो इंटरनेट कंपनीला पत्र लिहितो. १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याला, ईस्ट बंगालविरुद्ध मोहन बागान, सॉल्ट लेक स्टेडियममध्ये १ लाख ३१ हजार माणसे होती. बायचुंग भुतियाने तीन गोल केले, ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकला. त्या संध्याकाळी कोळंबीला कुत्रे विचारत नसणार.

तरीही कोणाला वातावरणाची हौस असेल, तर इंग्लंडमध्ये ते कसे तयार होते ते समजून घ्यावे.

तिथे गोलपोस्टच्या मागे पायऱ्यापायऱ्यांचे उतार असत. खुर्च्या नाहीत, उभे राहायचे. लिव्हरपूलच्या 'कॉप'वर एके काळी अठ्ठावीस हजार माणसे उभी राहत. दक्षिण आफ्रिकेत १९०० साली झालेल्या लढाईतल्या टेकडीचे हे नाव; त्या लढाईत लिव्हरपूलची बरीच पोरे मेली होती. शनिवारी दुपारी तीनला सामना. त्याआधी गुत्त्यात, त्यानंतर पुन्हा गुत्त्यात. बाप, काका, शेजारी एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे उभे. गाणे कोणी शिकवत नसे, ते गर्दीतून पायांतून चढे.

या दिवसांबद्दल गहिवरणे हा समर्थकाचा हक्क आहे, पण गहिवर मोजून मापून वापरावा. त्याच गर्दीत शौचालयापर्यंत पोहोचणे अशक्य असल्याने पुढच्याच्या पायावर ऊब जाणवे, आणि ती प्रेमाची नसे. त्याच काळात, १९८८ साली, जॉन बार्न्स या काळ्या खेळाडूकडे गॅलरीतून केळे फेकले गेले. त्याने टाचेने ते बाहेर सरकवले. हाणामाऱ्यांचा तर हिशेबच नाही. आणि १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे ९७ समर्थक चेंगराचेंगरीत मेले. दोष दारुड्या समर्थकांचाच असे तेव्हा पोलिसांनी आणि काही वृत्तपत्रांनी सांगितले. समर्थक निर्दोष होते आणि ती माणसे बेकायदेशीरपणे मारली गेली, हे ज्युरीने म्हणायला २०१६ साल उजाडावे लागले. इथे विनोद थांबवावा.

या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी १९९० साली शिफारस केली की मोठ्या मैदानांवर सगळ्यांना बसायला खुर्ची हवी. शिफारस रास्त होती. खुर्चीमुळे तिकीट फार महागण्याचे कारण नाही, असेही त्यांनी लिहिले. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर खुर्ची सहा पौंडांत मिळते, असा दाखला दिला. क्लबांनी अहवाल मन लावून वाचला आणि त्यातले खुर्चीचे पान तेवढे ठेवून घेतले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग आली, टीव्हीचा पैसा आला. २०१६ साली लिव्हरपूलने नव्या गॅलरीतले सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे करायचे ठरवले.

यावर समर्थकांनी काय केले, हे प्रत्येक उमेदवाराने मुखोद्गत करावे. सन्डरलँडविरुद्धच्या सामन्यात लिव्हरपूल २-० ने पुढे होता. ७७ व्या मिनिटाला हजारो माणसे उठली आणि शांतपणे बाहेर चालू लागली. मागे संघाने दोन गोल खाल्ले, सामना २-२ असा सुटला. काही दिवसांत क्लबने माफी मागून दरवाढ मागे घेतली. आवाजाची किंमत काय असते, हे आवाज निघून गेल्यावर मालकांना असे आकड्यांत दिसले.

आता कोळंबी. नोव्हेंबर २००० मध्ये मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार रॉय कीन घरच्याच प्रेक्षकांवर घसरला. कोळंबीची सँडविचेस खाणाऱ्या या मंडळींना मैदानात काय चालले आहे ते तरी कळते का, अशा आशयाचे तो बोलला. तेव्हापासून इंग्लंडात कोळंबी म्हणजे बेगडी समर्थकाची खूण. कोलकात्यात तीच कोळंबी कट्टरपणाची. तेव्हा उमेदवाराने परदेशी मैदानावर वडापाव नेणे श्रेयस्कर. मैदानाबाहेर दोन्ही संघांची नावे असलेला, अर्धा लाल अर्धा निळा गळपट्टा विकायला असतो. तो घेऊ नये. लग्नात दोन्ही पक्षांकडून जेवणारा पाहुणासुद्धा इतका उघड नसतो.

घरचे वातावरण

रात्री आठचा इंग्लंडमधला सामना आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला सुरू होतो. निष्ठेचा पुरावा म्हणून डोळ्यांखालची काळी वर्तुळे ग्राह्य धरली जातात. आरोळी उशीत मारावी. वरच्या मजल्यावरच्या काकूंना ऑफसाइडचा नियम समजावण्याच्या भरीस पडू नये.

गर्दी नसल्याची खंत बाळगू नये. जून २०२० मध्ये, करोनाच्या काळात, इंग्लंडमध्ये रिकाम्या मैदानांवर सामने सुरू झाले तेव्हा टीव्हीवर आवाज आला तो एका व्हिडिओ गेमच्या संग्रहातला. त्या गेमसाठी खऱ्या समर्थकांची गाणी, आरोळ्या, निराशेचे उसासे आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेले होते. संघ पाहून ते वाजवले गेले. समर्थक घरात कोंडलेला, आणि त्याचाच आवाज त्याला ऐकवला जातोय, वर्गणी घेऊन. या सोयीचे कौतुक करावे तेवढे थोडे.

पराभव

प्रशिक्षक बदलण्याची मागणी करावी. एवढेच.

निष्ठेची परीक्षा

इथवरच्या सूचना पाळून कोणीही समर्थक दिसू शकतो. अडचण अशी की अधूनमधून मालक खऱ्या निष्ठेची परीक्षा घेतात, आणि ती कधी हे आधी कळवत नाहीत.

१८ एप्रिल २०२१, रविवार रात्र. युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी स्वतःची वेगळी 'सुपर लीग' जाहीर केली. संस्थापकांना तिच्यातून कधी बाहेर पडावे लागणार नव्हते. हरा किंवा जिंका, जागा पक्की. जगभर पसरलेल्या नव्या समर्थकांना रोज बडे सामने आवडतील असा हिशेब होता. म्हणजे तुमच्याआमच्या नावानेच हा घाट घातला गेला, हे उमेदवाराने ध्यानात घ्यावे. मंगळवारी संध्याकाळी चेल्सीच्या मैदानाबाहेर चेल्सीच्याच समर्थकांनी संघाची बस अडवली. जुना गोलरक्षक पेट्र चेक रस्त्यावर उतरून हात जोडल्यासारखा विनवत होता. त्याच रात्री बारांपैकी सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले. सरकार आणि फुटबॉल संघटनाही विरोधात होत्या हे खरे, पण बस मंत्र्यांनी अडवली नव्हती.

कोलकात्यात २०२० साली मोहन बागानचा फुटबॉल संघ एटीके या आयएसएलमधल्या संघात विलीन झाला आणि शंभरहून अधिक वर्षांच्या नावाआधी एटीके ही तीन अक्षरे चिकटली. समर्थकांनी ती काढा म्हणून तीन वर्षे धोशा लावला. मार्च २०२३ मध्ये संघ आयएसएल जिंकला त्या रात्री मालकांनी अक्षरे काढल्याचे जाहीर केले. त्यांच्या जागी मागे 'सुपर जायंट' आले, मालकांच्या लखनौच्या क्रिकेट संघासारखे. समर्थकांनी हा विजय मानला. निष्ठेत अशी तडजोड करता आली पाहिजे.

पण ऑगस्ट २०२४ मध्ये जे झाले ते कोणत्याही मार्गदर्शिकेत बसत नाही. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या बलात्कार आणि हत्येने शहर पेटले होते. ड्युरंड कपमधला ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान सामना सुरक्षेचे कारण देऊन रद्द झाला. त्या दिवशी दोन्हीकडचे समर्थक, सोबत शहरातल्याच मोहम्मेडन स्पोर्टिंगचेही, सॉल्ट लेक स्टेडियमच्या बाहेर एकत्र जमले आणि न्यायाच्या घोषणा देत त्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना पाण्यात पाहणारी ही माणसे. घरबसल्या घेतलेल्या निष्ठेला हे जमेल का, याबद्दल या मार्गदर्शकाला दाट शंका आहे.

ज्यांना अजूनही प्रात्यक्षिक हवे असेल त्यांनी कोल्हापूर गाठावे. तिथेही काळ बदलला आहे: तालमींच्या संघांत परदेशी खेळाडू दिसतात, जागतिक स्पर्धा आली की चौकाचौकांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे आणि मेस्सी-नेमारचे फलक लागतात. ईर्षा मात्र पेठेचीच. तिचा अतिरेक होऊन दगड भिरकावले जातात, पोलीस ठाण्यात गुन्हे नोंदले जातात, आणि त्याचे समर्थन इथे करायचे नाही. पण हंगामात एखाद्या दुपारी शाहू स्टेडियमवर जाच. फक्त आत शिरल्यावर मोकळी दिसेल तिथे बसू नका. कोणती गॅलरी कोणाची, ते फाटकावरच विचारून घ्या.